घरचा जामदारखाना
(नभोवाणीवरील भाषण)



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकीं कित्येकांना नवल वाटेल. इतिहास म्हटला म्हणजे लढाया, तह, राजे आणि त्यांच्या वंशावळ्या, अशी आपली समजूत असते. आणि मी तर घरांतील कपड्यांच्या कपाटाचा इतिहास सांगावयास बसलों आहें. परंतु घरांतील वस्तूंनाहि इतिहास असतो, आणि तो पुष्कळ वेळां आपल्या माणसांविषयीं तहनाम्यांपेक्षां अधिक खरें सांगतो.

या विषयाकडे मी वळलों त्यास एक घरगुती निमित्त झालें. गेल्या दिवाळीच्या सुमारास यवतमाळच्या आमच्या घरीं सूनबाईंनीं भिंतीएवढें नवें कपाट करविण्याचें ठरविलें. सुतार येऊन मापें घेऊन गेला. कोठें कप्पे, कोठें दांडी, कोठें आरसा, याचा कागदावर नकाशा झाला. मग सूनबाई मला म्हणाल्या, "बाबा, सगळें बसलें, पण आजींची पेटी या नकाशांत कोठेंच बसत नाहीं. तिचें काय करावयाचें?" ती पेटी म्हणजे माझ्या आईची लग्नांत मिळालेली टिनाची पेटी. अडतीस वर्षें मी शाळेंत मुलांना प्रश्न विचारले. या एका प्रश्नाचें उत्तर मात्र मला लागलीच देतां आलें नाहीं. तें शोधतां शोधतां जें हातीं लागलें, तेंच आज आपणांपुढें ठेवीत आहें.

प्रथम शब्द पाहूं. मास्तराची खोड म्हणा हवें तर. 'कपाट' हा शब्द संस्कृत. परंतु संस्कृतांत त्याचा अर्थ दाराची फळी, म्हणजे आपलें कवाड, असा आहे. ज्या खणाला कवाडें लावलीं, त्या खणालाच पुढें मराठींत कपाट म्हणूं लागले. आपल्या वऱ्हाडांत बहुधा 'अलमारी' म्हणतात. हा शब्द पोर्तुगीज लोकांबरोबर समुद्रावरून आला. त्याचें मूळ लॅटिन भाषेंत असून त्याच्या पोटांत शस्त्रें व अवजारें ठेवण्याची जागा असा अर्थ आहे. 'संदूक' अरबी, 'पेटी' ही संस्कृत 'पेटिके'ची मुलगी, आणि 'ट्रंक' इंग्रजी. झाडाच्या खोडालाहि इंग्रजींत हाच शब्द आहे. एका कपड्याच्या खणाला इतक्या भाषांनीं नांवें पुरविलीं! ज्या ज्या लोकांशीं आपला संबंध आला, त्यांनीं आपल्या घरांत कांहीं तरी ठेवून दिलें, याची ही साक्ष आहे.

आतां मुख्य गोष्ट. कपाट कसें असावें, हें घराच्या भिंतीवरून ठरत नाहीं. तें वस्त्रावरून ठरतें. आपलें जुनें वस्त्र बहुतेक न शिवलेलें. धोतर, उपरणें, शेला, पागोटें, लुगडें हीं सारीं सरळ लांब कापडें. अशा वस्त्राला खांदा नाहीं, बाही नाहीं, गळा नाहीं. म्हणून त्याला टांगावें लागत नाहीं. त्याची घडी होते. नऊवारी लुगड्याचा हिशेब करून पाहा. नऊ वार म्हणजे २७ फूट, म्हणजेच ३२४ इंच. त्याची लांबी एकदां मोडली कीं निम्मी होते. याप्रमाणें पांच वेळां मोडली असतां ३२ पदर होतात, आणि ३२४ इंचांचें वस्त्र अवघ्या १० इंचांत येतें. पन्हा ४८ इंच धरून तो चौपदरी केला, तर १२ इंच. सत्तावीस फुटांचें वस्त्र एका पाटीवर मावेल इतकें लहान झालें! शाळेंत मी हा हिशेब मुलींकडून प्रत्यक्ष घडी घालून करवून घेत असें, आणि घातांकांचा पाठ त्यामुळें त्यांच्या पक्का ध्यानांत राहत असे.

घडीच्या या सोयीमुळें जुन्या घराला मोठ्या कपाटाची गरजच नव्हती. भिंतींत लांकडी खुंट्या ठोकलेल्या असत. बाहेरून आलेल्या पुरुषाचें पागोटें व अंगरखा खुंटीवर जाई. खोलीच्या एका अंगास, आढ्याला दोऱ्या बांधून, बांबूची आडवी वलणी टांगलेली असे. रोजचीं धोतरें-लुगडीं तिच्यावर पडत आणि वाऱ्यानें आपोआप सुकत. सोंवळ्याची वलणी निराळी आणि उंच. तिच्यावरील वस्त्र काठीनें चढवावयाचें व काठीनेंच उतरावयाचें. जाड भिंतींतील फडताळांत सणासुदीचीं वस्त्रें बासनांत बांधून ठेवीत. ज्यांच्या घरीं फडताळ नाहीं, त्यांच्या घरीं बुरुडानें विणलेला पेटारा असे. आणि ज्यांच्याकडे तोहि नाहीं, त्यांचें सारें एका गांठोड्यांत.

पुसद-दिग्रस भागांतील बंजारा समाजाची तऱ्हा याहून निराळी. मीठ आणि धान्य बैलांच्या पाठीवर लादून देशभर हिंडणाऱ्या या लोकांचें घरच चालतें होतें. तेथें भिंत नाहीं, मग खुंटी कोठली? परंतु त्यांच्या स्त्रियांची फेटिया व कांचळी पाहा. आरसे, कवड्या, रंगीत दोऱ्यांची टीप, यांनीं ती मढलेली असते. ज्यांना कपाट बाळगतां आलें नाहीं, त्यांनीं आपलें वैभव अंगावरच बाळगलें. तें त्यांच्याबरोबर चालत राहिलें.

राजवाड्यांत मात्र वस्त्रांचें स्वतंत्र खातेंच असे. शिवछत्रपतींच्या राज्यव्यवस्थेंतील जे अठरा कारखाने सांगतात, त्यांत एक जामदारखाना होता. 'जामा' म्हणजे फारसींत वस्त्र; तेव्हां जामदारखाना म्हणजे मौल्यवान वस्त्रांचें भांडार. आज आपल्या ओळखीच्या लोकांत जामदार आडनांव असेल, तर त्याचें मूळ या खात्यांत आहे. हें खातें केवळ हौसेसाठीं नव्हतें. त्या काळीं अधिकार कागदावर जितका दिला जाई, तितकाच वस्त्रांनींहि दिला जाई. १७१३ सालीं छत्रपति शाहूंनीं बाळाजी विश्वनाथांस पेशवेपद दिलें, तें 'पेशवाईचीं वस्त्रें' देऊन. सरदाराचा गौरव, वकिलाची पाठवणी, लग्नकार्य, या सर्वांस वस्त्रें लागत. म्हणून कोणतें वस्त्र आलें, कोणास गेलें, याची नोंद होई. इतक्या खटाटोपाचें सार एका वाक्यांत सांगतां येईल: जें आपल्यापाशीं आहे तें आपल्याला ठाऊक असलें पाहिजे. घरच्या कपाटालाहि हाच नियम लागू आहे, आणि माझ्या मतें त्याची खरी शोभा यांतच आहे.

परंतु वस्त्रांच्या इतिहासाची दुसरी बाजू विसरून चालणार नाहीं. ज्या समाजांत एकाला वस्त्रें देऊन मोठें केलें जाई, त्याच समाजांत दुसऱ्याला जुनेर देऊन लहान ठेवलें जाई. अस्पृश्य मानलेल्या बांधवांच्या वांट्याला दुसऱ्यांनीं टाकलेलें वस्त्र यावें, हीच रूढि होती. १९२७ च्या डिसेंबरांत महाड येथें डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं स्त्रियांसमोर भाषण केलें, तेव्हां लुगडें कसें नेसावें याविषयींहि ते बोलले. वस्त्र फाटकें असलें तरी चालेल, पण तें स्वच्छ असावें, आणि नेसण्याच्या तऱ्हेवरून कोणाची जात ओळखूं येऊं नये, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. तेव्हां घडी केलेलें स्वच्छ लुगडें ही कांहींच्या घरीं केवळ टापटीप होती. दुसऱ्या कांहींच्या घरीं तें स्वाभिमानाचें निशाण होतें.

आतां आपल्या जिल्ह्याकडे येऊं. यवतमाळ, दारव्हा, वणी, पांढरकवडा, राळेगांव, जेथें जाल तेथें काळी जमीन आणि कपाशी. १८५३ सालीं निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. पुढें १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें आणि लँकेशायरच्या गिरण्यांना तेथील कापूस मिळेनासा झाला. तेव्हां आपल्या कापसाला एकाएकीं भाव आला. १८६७ सालीं लोहमार्ग नागपूरपर्यंत पोंचला. पुढें यवतमाळाहून मूर्तिजापूरपर्यंत अरुंद रुळांची छोटी गाडी झाली, ती मुख्यतः कापूस नेण्यासाठींच. तिलाच पुढें लोक प्रेमानें 'शकुंतला' म्हणूं लागले. आज ती बंद पडली आहे. आमच्या जिल्ह्याचा कापूस गांठी होऊन मुंबईस जाई, तेथून समुद्रापलीकडे जाई, आणि कापड होऊन दुप्पट-चौपट दरानें परत येई. १८७७ सालीं जमशेटजी टाटा यांनीं नागपूरास एम्प्रेस मिल सुरू केली, तेव्हां यांतला थोडा कापूस तरी जवळच कापड होऊं लागला.

आगगाडी आली आणि तिच्याबरोबर कपड्यांच्या सांठवणींतहि फरक पडला. पेटारा बैलगाडींत ठीक. परंतु गाडीच्या डब्यांत बांकाखालीं सरकवावयास चपटी, कुलूप लागणारी, पत्र्याची पेटी हवी. ती नोकरदाराबरोबर बदलीच्या गांवीं गेली, विद्यार्थ्याबरोबर वसतिगृहांत गेली, आणि नव्या नवरीबरोबर सासरीं गेली. झांकणावर रंगानें नांव, चार कोपऱ्यांत चार फुलें. सासरच्या मोठ्या घरांत त्या मुलीची स्वतःची म्हणून हक्काची जागा कोणती, तर ती पेटी! तिची किल्ली कमरेला असे. आमच्या आयांच्या पिढीला स्वतंत्र खोली मिळाली नाहीं. दोन फूट लांब आणि दीड फूट रुंद इतकीच जागा त्यांची होती. सूनबाईंच्या प्रश्नाला मी चटकन् उत्तर कां देऊं शकलों नाहीं, तें आतां आपल्या ध्यानांत येईल.

माझ्या आईच्या पेटींत चार लुगडीं, दोन-तीन खण, वडिलांचें एक लग्नांतलें उपरणें आणि एक जरीकांठी शालू होता. बस्स. परंतु त्या प्रत्येकाची तिला ओळख होती. हें कोणत्या बाजारांतलें, हें कोणाच्या बारशाचें, याचा दंड कोणत्या सालीं घातला, हें ती विचारल्यावांचून सांगे. 'दंड घालणें' हा शब्द आतां नव्या मुलींस कदाचित् ठाऊक नसेल. लुगडें मध्यें विरलें कीं तो भाग कापून काढावयाचा आणि दोन लुगड्यांचे चांगले भाग एकत्र शिवून एक करावयाचें, याला दंड घालणें म्हणत. तेंहि विरलें कीं त्याचें बाळाचें दुपटें व झबलें होई, मग गोधडी, मग पोतेरें, आणि शेवटीं एखाद्या चिंधीची वात होऊन ती देवापुढें जळे. एका वस्त्राचे पांच-सहा जन्म होत. घरांतलें कपाट लहान राहण्याचें हें एक मोठें कारण होतें: आलेलें वस्त्र एका जागीं थांबत नसे, तें पुढें पुढें सरकत असे.

या काटकसरीला दुसऱ्या महायुद्धानें आणखी धार आणली. कापड मिळेना, भाव भडकले, आणि १९४३ सालीं सरकारनें कापड व सूत यांवर नियंत्रणाचा हुकूम काढला. 'कंट्रोलचें कापड' हा शब्द आमच्या घरांत मी लहानपणींहि ऐकत असें. त्यापूर्वी कापडानें या देशांत आणखी एक प्रसंग पाहिला होता. १९०५ सालीं पुण्यास आणि १९२१ सालीं मुंबईस परदेशी कापडाच्या होळ्या झाल्या. लोकांनीं आपल्या पेट्या-कपाटांतून आवडतीं वस्त्रें स्वतः काढून त्या आगींत टाकलीं. आमच्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यांत १९३६ पासून गांधीजी सेवाग्रामीं राहूं लागले, आणि दोन जोड खादीवर भागविणारीं माणसें आमच्या वडीलधाऱ्यांनीं प्रत्यक्ष पाहिलीं. कपाट भरण्याचा इतिहास असतो, तसा तें समजून-उमजून रिकामें करण्याचाहि असतो.

मग शिवलेला कपडा घरोघर रूढ झाला आणि सारें चित्र पालटलें. कोट, सदरा, पाटलोण यांना खांदे आणि शिवणी आहेत. त्यांची घडी घातली कीं चुण्या पडतात. खांदे असलेला कपडा आला म्हणून खांदे असलेला हँगर आला. हँगर आला म्हणून दांडी आली. आणि दांडीसाठीं माणसाच्या छातीएवढें उंच कपाट आलें. मुंबईस १८९७ सालीं कुलपांचा कारखाना काढणाऱ्या गोदरेज यांनीं १९२३ च्या सुमारास पोलादी कपाटें करावयास आरंभ केला. पुढें मध्यम वर्गांत हें कपाट इतकें पसरलें कीं, कपाट कोणाचेंहि असो, लोक त्याला 'गोदरेज'च म्हणूं लागले. मीहि नोकरीच्या आठव्या-नवव्या वर्षीं थकबाकी हातीं येतांच एक पोलादी कपाट घेतलें. तें हातगाडीवरून घरीं आलें, त्या दिवशीं त्याला हळदकुंकू लावलें गेलें.

आणि येथेंच माझ्या हातून एक चूक झाली. ती सांगितल्यावांचून हें भाषण प्रामाणिक होणार नाहीं. नव्या कपाटाच्या भरांत मी आईच्या पेटींतला शालू काढला. तो जुन्या मलमलींत गुंडाळलेला होता. मला तें गबाळें वाटलें. मी तो नव्या कोऱ्या प्लॅस्टिकच्या पिशवींत घातला, पिशवींत चार डांबराच्या गोळ्या टाकल्या, आणि वरच्या कप्प्यांत ठेवून कुलूप लावलें. पांच-सहा पावसाळे गेले. माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नांत आईनें तो मागितला. उघडून पाहतों तों जर काळवंडलेली, आणि घडीच्या रेघेवर रेशीम सुरीनें कापल्याप्रमाणें उलललेलें! आई क्षणभर कांहीं बोलली नाहीं. मग आपल्या वऱ्हाडी बोलींत एवढेंच म्हणाली, "कापडाले बी जीव असते, बाबू. त्याले कोंडून ठेवाचं नसते." तिनें मला दोष दिला नाहीं, म्हणूनच तें वाक्य अजून बोचतें.

अज्ञानानें जें गेलें, त्याचें शास्त्र मी मागाहून समजून घेतलें. प्लॅस्टिकच्या पिशवींत ओलावा अडकतो आणि हवा खेळत नाहीं. त्यामुळें बुरशी धरते. जर ही चांदीची असेल, तर तिला ओलसर हवा आणि गंधकाचे वाफारे लागून ती काळी पडते. डांबराच्या गोळ्या कोळशाच्या डांबरापासून निघणाऱ्या द्रव्याच्या असतात. त्यांची वाफ जरीला आणि प्लॅस्टिकला मानवत नाहीं, माणसालाहि अपायकारक असते, आणि लहान मुलानें एखादी तोंडांत टाकली तर प्राणावर बेतूं शकतें. रेशीम एकाच रेघेवर वर्षानुवर्षें मोडून राहिलें कीं त्या रेघेवरील धागे तुटतात. आई दर दसऱ्याच्या आधीं शालू काढून सावलींत पसरी आणि नवी घडी घाली, ती पहिल्या रेघेवर कधींच घालीत नसे. त्यामागें हें कारण होतें. तिला शास्त्र ठाऊक नव्हतें. रीत ठाऊक होती.

किडीचेंहि असेंच. लोंकर आणि रेशीम हीं प्राण्यांपासून झालेलीं. त्यांवर पतंगाची अळी पडते. सुताला ती सहसा शिवत नाहीं. मात्र सुती कपड्याला खळ असेल, तर खळीच्या लोभानें कसर येते. म्हणून जें सुती वस्त्र दीर्घकाळ ठेवावयाचें, तें खळ काढून, धुऊन, पुरतें वाळवून ठेवावें. घामाचा किंवा तेलाचा डाग ठेवून लोंकरीचा कपडा कधींहि कपाटांत घालूं नये. वेखंडाचे तुकडे, सुकलेला कडुनिंबाचा पाला, हे जुने उपाय आहेत. परंतु ते पातळ कापडाच्या पुरचुंडींत बांधून ठेवावे, कपड्याला लागूं देऊं नयेत, आणि दर पावसाळ्यानंतर बदलावे. एवढें करून स्वच्छतेची आणि हवेची जागा पुरचुंडी घेऊं शकत नाहीं, हें ध्यानांत ठेवावें.

हा इतिहास आणि ही चूक पदरीं घेऊन मी सूनबाईंच्या नकाशासमोर बसलों. आम्हीं दोघांनीं मिळून जें ठरविलें, तें आपल्याहि उपयोगीं पडेल, म्हणून सांगतों.

पहिलें, जुन्या घराच्या चार जागा नव्या कपाटांत असाव्या: खुंटी, वलणी, फडताळ आणि बासन. एकदां घातलेला पण धुवावयाचा नसलेला कपडा स्वच्छ कपड्यांत मिसळूं नये. त्याला दाराच्या बाहेरच्या अंगास दोन खुंट्या असाव्या. शिवलेले कोट, शेरवानी, इस्त्रीचे सदरे यांना दांडी. विणलेला स्वेटर मात्र दांडीला टांगूं नये, तो आपल्याच भारानें लांबतो. त्याची घडीच बरी. जड जरीचें लुगडेंहि फार दिवस टांगून ठेवूं नये. रोजचें वस्त्र छातीच्या उंचीवर, मुलांचें त्यांच्या हाताला लागेल असें खालीं, आणि सणाचें वर, धुतलेल्या जुन्या पांढऱ्या सुती कापडांत बांधलेलें.

दुसरें, घडी एका मापाची असावी. एका पुठ्ठ्याचा तुकडा कापून घ्यावा आणि त्या मापानें सगळ्यांच्या घड्या घालाव्या. घडीची बंद बाजू बाहेर, मोकळे कांठ आंत. फिक्यापासून गडदापर्यंत रंगांची ओळ लावली तर उघडतांच डोळ्यांना बरें वाटतें, आणि हवें तें वस्त्र इतरांस न विसकटतां हातीं येतें. सुंदर कपाटासाठीं आरसे आणि नक्षी लागतेच असें नाहीं. सारख्या घडीची ओळ ही स्वतःच एक नक्षी आहे.

तिसरें, कपाट बाहेरच्या ओलसर भिंतीला अगदीं चिकटवूं नये. मागें चार बोटें जागा ठेवावी. चवथा हिस्सा नेहमीं रिकामा असावा. हवेला जागा लागते, आणि आपल्या हातालाहि.

चवथें आणि मुख्य, दाराच्या आंतल्या बाजूस एक यादी लावावी. हा आपल्या घरचा जामदारखाना. त्याची नोंद आपणच ठेवावयाची. दसऱ्याच्या आधीं वर्षांतून एकदां सारें बाहेर काढावें, वारा द्यावा, घड्या बदलाव्या आणि यादीशीं ताडून पाहावें. वर्षभरांत जें अंगाला लागलें नाहीं, तें कोणास उपयोगी पडेल याचा विचार करावा. पण देतांना तें धुऊन, बटणें लावून, इस्त्री करून द्यावें. आपण जुनेर देत नाहीं, वस्त्र देत आहों, हें घेणाऱ्याला कळलें पाहिजे.

यादी करावयास बसलों तेव्हां आमच्याच घरांत वीस कपडे असे निघाले कीं ते दोन वर्षांत कोणीं घातलेच नव्हते. मास्तराचा हात पुन्हा हिशेबाकडे गेला. कपडा सरासरी पाव किलो धरला, तर वीस कपड्यांचे पांच किलो. एक क्विंटल कापसांतून सरकी वगळतां सुमारें ३४ किलो रुई निघते. पांच किलो कापडाला, कताईंतील तूट सोडली तरी, पंधरा किलो कापूस लागला. तो कोणीं तरी याच जिल्ह्यासारख्या काळ्या जमिनींत पेरला, कोणीं निंदला, कोणीं वाकून वाकून वेंचला. २०१७ च्या पावसाळ्यांत आपल्या यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर औषध फवारतांना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी व मजूर दगावले. फवारणाऱ्या कित्येकांच्या अंगावर संरक्षणाचा पोषाख नव्हता. ज्यांच्या कष्टानें जगाचीं कपाटें भरतात, त्यांच्याच अंगाला पुरेसें वस्त्र नसावें, याहून कठोर गोष्ट वस्त्रांच्या इतिहासांत मला दुसरी दिसत नाहीं. म्हणून कपाट नीट ठेवणें ही मला निव्वळ बायकांची हौस वाटत नाहीं. जें आपल्यापाशीं आहे तें ओळखणें, तें जपणें आणि गरजेपेक्षां अधिक न आणणें, ही त्या कष्टांची ठेवलेली आठवण आहे. आणि हें काम घरांतील पुरुषांनींहि शिकावें; मी तें साठी उलटल्यावर शिकलों.

राहिला पेटीचा प्रश्न. नवें कपाट आतां तयार झालें आहे. त्याच्या तळाशीं सुतारानें एक खण दीड हात रुंद ठेवला, त्याला दार लावलें नाहीं, आणि त्यांत आईची पेटी बसली. तिचा रंग उडाला आहे, नांवाचीं दोनच अक्षरें वाचतां येतात. आम्हीं तीं पुन्हा रंगविलीं नाहींत. आंत तो उललेला शालू आहे, मलमलींत. सूनबाईंनीं त्याचा धड राहिलेला कांठ उतरवून घेण्याविषयीं विचारलें. त्यांच्या मुलीच्या परकराला तो लावावयाचा आहे. मी आनंदानें होकार दिला. जुन्या रीतीप्रमाणें तें वस्त्र पुढच्या जन्माला निघालें आहे. दाराच्या आंतल्या यादींत पहिल्या ओळींत त्याची नोंद नातीच्या अक्षरांत झाली आहे.

आपणहि येत्या दसऱ्याच्या आधीं एक दिवस आपलें कपाट उघडून, त्यांतील प्रत्येक वस्त्राला एकदां हात लावून पाहावा, अशी विनंति करून मी आपली रजा घेतों.